थंडीतली आल्याची बिअर, घरच्या घरी

बेळगावात थंडी पडायला लागली की घरी बिअर करून बघूया का असं बऱ्याच जणांना वाटतंय, पण कर्नाटकात १९६५ चा अबकारी कायदा आहे, लायसन्स नसताना दारू गाळायची नाही की बिअरही करायची नाही. म्हणून मी आल्याची बिअर करतो, फसफसते तशीच.

पहिला विरजण करायचं. काचेच्या बरणीत दोन कप उकळून गार केलेलं पाणी, दोन चमचे सालासकट किसलेलं आलं, दोन चमचे साखर. आल्याच्या सालीवरच यीस्ट असतंय, ते सोलून टाकू नका. वर फडकं बांधा, रोज एकेक चमचा आलं साखर घाला आणि ढवळा. उन्हाळ्यात चार दिवसात बुडबुडे येतात, आपल्या थंडीत आठवडा सहज जातोय, बरणी स्वयंपाकघरात उबेला ठेवा, घाई करू नका.

मग एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ (आपल्याकडचा गूळ असला की रंग काय सुंदर येतोय बघा!) आणि मूठभर ठेचलेलं आलं उकळा, पूर्ण गार झाल्यावर गाळून एका लिंबाचा रस आणि पाव कप विरजण घाला.

बाटली प्लास्टिकचीच घ्या, काचेची गॅसनं फुटू शकते, वर चार बोटं जागा सोडा. रोज दाबून बघायची, दगडासारखी कडक लागली की लगेच फ्रीजमध्ये. थोडं अल्कोहोल यातही तयार होतंय, पोरांना देऊ नका.