जुन्या ट्रकच्या मेळाव्याला गाडी नेताय? या चुका टाळा

विंटेज म्हटलं की आपल्याकडे अजून कारच डोळ्यासमोर येते, पण जुने ट्रक हौसेने उभे करणारी मंडळीही आहेत आणि मला त्यांचं फार कौतुक वाटतं, कारण जिने आयुष्यभर ऊस, कांदा, सिमेंट ओढलं ती गाडी त्यांनी भंगारवाल्याच्या हातून सोडवून आणलेली असते. फक्त ट्रकला कारसारखं नटवायला गेलं की घोळ होतो.

पहिली गोष्ट बिल्ला. टेल्को (म्हणजे आजची टाटा मोटर्स) आणि जर्मनीच्या डाइमलर-बेंझचा करार 1954 चा, ट्रक जमशेदपूरला बनायचे आणि पुढे जाळीवर मर्सिडीजचा तीन टोकी तारा असायचा. 1969 ला करार संपला तसा तारा गेला आणि टाटांचा टी आला. आता आरसीवर 1974 आणि जाळीवर चकचकीत तारा असेल तर जाणकार माणूस लांबूनच ओळखतो, आणि मग बाकी कितीही मेहनत घेतलेली असली तरी चर्चा तिथेच अडकते. कुर्ल्याच्या प्रीमियरचे डॉज आणि फार्गो तर आतून जवळपास एकच गाडी, नावाची पट्टी वेगळी, त्यामुळे एकाचं बोनेट दुसऱ्याला बसतं आणि चार मालक बदलल्यावर आपली नेमकी कोणती हेच कळत नाही. म्हणून आधी चॅसी नंबर वाचा. तो वायर ब्रश आणि थोडं डिझेल घेऊन हळू साफ करायचा, ग्राइंडर अजिबात लावायचा नाही, नंबर पुसट झाला की आरटीओत पुढचं सगळं अडतं.

रंगाचं पण तेच. कारला मारतात तसा आरशासारखा मेटॅलिक रंग या गाड्यांना कधीच नव्हता. साधा ऑइल पेंट, लाकडी हौदा, फाळक्यावर पेंटरने ब्रशने काढलेली अक्षरं, आरशाला गोंडे, एवढंच होतं आणि तेच शोभतं. रेडियमचे स्टिकर चिकटवण्यापेक्षा गावातला एखादा जुना पेंटर शोधा, दोन दिवस जास्त लागले तरी चालतील. अजून एक, हॉर्न ओके प्लीज लिहायचा मोह सगळ्यांनाच होतो पण महाराष्ट्रात 2015 पासून व्यावसायिक गाड्यांवर ते लिहायला बंदी आहे, रस्त्याने गाडी नेणार असाल तर लक्षात ठेवा.

आता नव्या रंगामुळेच होणारा एक त्रास, जो खूप लोकांना सापडत नाही. बॅटरी नवी, सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) नव्याने वाइंडिंग भरून आणलेला, तरी बटण दाबलं की नुसतं टक् होतं आणि लाइट मंद होतात. नव्वद टक्के लोक परत सेल्फ खोलतात. त्याआधी अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरीपासून चॅसीला जाणारी, ती बघा ना! चॅसी पूर्ण घासून रंगवलेली असते आणि पट्टीचा नट त्या रंगावरच आवळलेला असतो, करंट जाणार कुठून? नट काढा, खालचा रंग रुपयाएवढ्या जागेत पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड दिसू द्या, पट्टी आवळा, वरून ग्रीस लावा. इंजिन ते चॅसी पट्टी वेगळी असते, तीही बघा. आणि 24 व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात, त्यातल्या एकीवरूनच 12 व्होल्टचा टेप वाजवायचा नाही, ती एक कायम उतरलेली राहते आणि दुसरी उकळते.

महिनोनमहिने उभी गाडी ऐन मेळाव्याच्या सकाळी चालू होत नाही, बहुतेक वेळा तिने एअर घेतलेली असते, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरलेली असते. सेल्फ मारत बसू नका, दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारला की गरम होतो. आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हाताचा प्रायमर मारायचा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळायचा, मग इंजिनाच्या डिझेल पंपावरचा, आणि शेवटी नोझलचे (इंजिनात डिझेल फवारतात ते) नट ढिले करून सेल्फ द्यायचा. क्रम उलटा केला की एअर परत येते. परत परत येत असेल तर टाकीपासूनचा रबरी पाइप बदला, तो बाहेरून चांगला दिसतो आणि आतून चिरलेला असतो.

मिरवणुकीत गाडी तापते याचं कारण पण कधी कधी रंगच असतो. रेडिएटरच्या जाळीवर जाड ऑइल पेंट मारला की उष्णता बाहेर पडत नाही, त्यात रांगेत आयडलला पंखा हळू फिरतो. काटा वर चालला तर बाजूला घ्या आणि झाकण गरम असताना उघडू नका.

टायर आणि ब्रेकबद्दल मात्र हट्टाने सांगतो. नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला असं नसतं, बाजूचा चार आकडी कोड वाचा, 2309 म्हणजे 2009 सालचा तेविसावा आठवडा. लॉक रिंगचं चाक, म्हणजे ज्यात टायर एका सुट्या लोखंडी रिंगने अडकवलेला असतो, ते लोखंडी पिंजऱ्यात ठेवल्याशिवाय हवा कधीच भरू नका, रिंग उडून माणसं गेलेली आहेत. बहुतेक जुन्या गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच असतं, एक होज फुटला की सगळा ब्रेक गेला, त्यामुळे बोरघाट उतरणार असाल तर आधी चारी ड्रम खोलून बघा आणि ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा.

कागदांचं थोडक्यात. व्हीए सिरीजची विंटेज नोंदणी 2021 च्या नियमांत आली पण ती पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि खासगी चारचाकींसाठी आहे, मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. तेव्हा आरसी, फिटनेस, विमा याचं काय ते आधी आरटीओत जाऊन विचारा, नाहीतर लो-बेडवर (गाड्या वाहून नेणारा बुटका ट्रेलर) गाडी न्या आणि वाटेतले पूल, वायरी यांची उंची आधी बघून ठेवा.

आणि गाडीभोवती दोरी बांधून ठेवू नका. गावातले जुने ड्रायव्हर, मिस्त्री यांना मुद्दाम बोलवा, केबिनमध्ये बसवा, कोणत्या गिअरला आवाज कसा यायचा, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) कुठे तुटायचे हे त्यांनाच माहीत असतं. त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि गाडीच्या पाटीवर मॉडेल आणि सालासोबत ती कुठल्या मार्गावर काय माल ओढायची तेही लिहा.