कांद्याच्या पापुद्र्यात पेशीपटलाचं काम डोळ्यांनी कसं बघायचं

पेशीपटल म्हटलं की पुस्तकातली ती पेशीभोवतीची रेघ आठवते, शेजारी 'निवडक्षम पारपटल' (म्हणजे काही पदार्थांना जाऊ देणारं, काहींना अडवणारं) असं लिहिलेलं, आणि आपण ते पाठ करून पुढे जातो. खरं तर एक लाल कांदा आणि शाळेतला साधा मायक्रोस्कोप मिळाला की हे निवडणं प्रत्यक्ष बघता येतं, आणि एकदा बघितलं की विसरत नाही.

एक आधीच सांगते, पटल स्वतः दिसणार नाही. त्याची जाडी साधारण 7-8 नॅनोमीटर, एवढं बारीक साध्या मायक्रोस्कोपला दिसूच शकत नाही, म्हणून आपण रंगावरून त्याचा माग काढायचा.

आधी मिठाचं पाणी करून ठेवा, 100 मिली पाण्यात 1 सपाट चमचा मीठ, म्हणजे साधारण 5 ग्रॅम. सोबत साधं पाणी, ड्रॉपर, चिमटा, स्लाइड, कव्हरस्लिप आणि टिश्यू पेपर.

आता पापुद्रा, बहुतेकांचं इथेच चुकतं. वरची वाळकी सालं काढून टाका आणि आतली एक रसरशीत पाकळी घ्या. तिच्या आतल्या बाजूचा पापुद्रा झटकन निघतो म्हणून सगळे तोच घेतात, पण तो जवळजवळ रंगहीन असतो. आपल्याला बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळट पापुद्रा हवाय. पाकळी मोडून कडेला सुटलेला पापुद्रा चिमट्याने हळू ओढा, नखाएवढा तुकडा पुरे, आणि गर चिकटून आला तर सरळ दुसरा काढा कारण जाड तुकड्यात काहीच धड दिसत नाही.

तो साध्या पाण्याच्या थेंबात सपाट पसरा, कव्हरस्लिप एका कडेने टेकवून सावकाश खाली सोडा म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत, आणि आधी 100 पटीवर बघा. विटांसारख्या लांबट पेशी, काठोकाठ गुलाबी भरलेल्या. हा रंग रिक्तिकेतला, म्हणजे पेशीतल्या रसाने भरलेल्या पिशवीतला, आणि रिक्तिका एवढी मोठी असते की पेशीचा बराचसा भाग तिनेच व्यापलेला असतो.

मग खरी गंमत. कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिश्यू पेपर टेकवा, कागद साधं पाणी शोषून घेईल आणि खारं पाणी आपोआप आत ओढलं जाईल. डोळा मायक्रोस्कोपवरून काढू नका. काही मिनिटांतच गुलाबी रंग कोपऱ्यांतून सुटायला लागतो, आत आत सरकतो, गडद होतो आणि शेवटी पेशीच्या मधोमध एक गोळा उरतो, बाहेरची चौकट मात्र जागच्या जागी. ती चौकट म्हणजे पेशीभित्तिका, तिच्यातून मीठ आरामात आत गेलं. पण गुलाबी गोळ्याची कड जिथे आहे तिथे पटल आहे, आणि तिथे मीठ अडलं. पटलाचा मधला थर स्निग्ध असल्यामुळे मिठाच्या विद्युतभार असलेल्या कणांना, म्हणजे आयनांना, तो सहज ओलांडता येत नाही, पाण्यासाठी मात्र पटलात प्रथिनांच्या खास वाटा असतात, त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात (पीटर आग्रे यांना याच शोधासाठी 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं). म्हणून पाणी बाहेर निघून गेलं, मीठ बाहेरच राहिलं आणि रंगही आतच राहिला. यालाच रससंकोच म्हणतात.

आता फार वेळ न घालवता त्याच पद्धतीने साधं पाणी आत ओढून घ्या, दोन-तीन वेळा. गोळा परत फुगून कडेला टेकतो. हे परत फुगणं मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण पेशी अजून जिवंत आहे हे त्यातून कळतं.

खात्री करायची असेल तर दुसरा तुकडा उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा आणि मग मीठ देऊन बघा. आता गोळा होणार नाही, रंग बाहेर झिरपलेला दिसेल, उष्णतेने पटलं फाटलेली असतात आणि अडवणारं कोणी उरलेलं नसतं.

आतल्या बाजूचा तो रंगहीन पापुद्राही फेकू नका. ताजा असतानाच साध्या पाण्यात 400 पटीवर ठेवा, प्रकाश थोडा कमी करा आणि पेशीच्या कडेला किंवा मधून गेलेल्या बारीक धाग्यांवर नजर ठेवा. इवलेइवले कण धाग्यावरून सरकताना दिसतील, कधी थबकतात, मग परत चालू लागतात. पेशीच्या आतली वाहतूक ती हीच, मायोसिन नावाची प्रथिनं ॲक्टिनच्या तंतूंवरून ते कण ओढून नेतात आणि त्यासाठी एटीपीची (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची) ऊर्जा खर्च होते. मघाचं पाणी मात्र नुसत्या संहतीच्या, म्हणजे विरघळलेल्या पदार्थाच्या प्रमाणाच्या, फरकामुळे गेलं होतं, त्याला पेशीची ऊर्जा लागली नाही. लगेच काही हललं नाही तर स्लाइड पाच-दहा मिनिटं तशीच राहू द्या, सोलल्याच्या धक्क्याने हे वाहणं कधीकधी थांबतं आणि मग पुन्हा सुरू होतं.

झालं की लेन्स आणि मंच ओल्या मऊ कापडाने पुसून लगेच कोरडे करा, मिठाचं पाणी धातूला गंज आणतं.