आधी ट्रंक उघडा, मग घर बघा

अंबाजोगाई तालुक्यातलं आमचं गावाकडचं घर आजोबांनी बांधलेलं. ते गेले तेव्हा मी शाळेत होतो. पुढे चोवीस वर्षं घरपट्टी वडिलांनी भरली, दर उन्हाळ्यात माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पांढरी माती त्यांनीच टाकून घेतली. पण ग्रामपंचायतीच्या दप्तरात नाव राहिलं आजोबांचंच. वडील गेल्यावर घर विकायला काढलं. गावातलंच गिऱ्हाईक आलं, भाव ठरला, आणि वकिलांनी विचारलं, "वारस किती?" आम्ही समजत होतो, आई आणि आम्ही तिघं भावंडं. मोजले तर बारा निघाले. दोन आत्या, वारलेल्या आत्याचे यजमान आणि तीन मुलं, गेलेल्या काका-काकूंची दोन मुलं, आणि आम्ही चौघं. शेवटची सही सुरतेहून यायला सव्वा वर्ष लागलं. तोवर गिऱ्हाईकाने पलीकडच्या गल्लीत दुसरं घर घेऊन वास्तुशांतही उरकली होती.

म्हणून घर घेण्या-विकण्याच्या या लेखात घर बघायची पायरी पहिली नाही.

पायरी १: घरात आहे ते कागदावर आणा

ट्रंकेतले, कपाटातले, देवघरामागचे सगळे कागद एकदा सतरंजीवर पसरा. शेत असेल तर सातबारा आणि आठ-अ. शहरातली जागा असेल तर मालमत्ता पत्रक. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८. मराठवाड्यात फसगत होते ती या नमुना ८ वर. लोक त्यालाच मालकीचा कागद समजतात. तो कर आकारणीचा उतारा आहे. त्याने कर कोण भरतो ते कळतं, मालक कोण ते सिद्ध होत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं आणि सनदा मिळू लागल्या आहेत. तुमच्या गावात मोजणी झाली असेल तर सनद घ्या, आणि घेताना नाव आणि चतुःसीमा तिथेच उभं राहून वाचा.

पत्रकावर वारलेल्या माणसाचं नाव असेल तर आधी वारस नोंद. जमिनीचा हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) कळवावं असं महसूल कायदा सांगतो. ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, जुना उतारा एवढ्यावर काम सुरू होतं. फेरफार (हक्कबदलाची नोंद) लागला की नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग नोंद प्रमाणित होते.

वारसांत मुली येतात. लग्न झालेल्याही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायची गरज नाही. बहिणीला हिस्सा नको असेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं लागतं. "ताई काही मागणार नाही" हे कोणत्याच कार्यालयात चालत नाही. भाऊबीजेला साडी द्यायची आणि जेवण झाल्यावर कागद पुढे सरकवायचा, ही आपल्याकडची रीत मला लाजिरवाणी वाटते. हक्कसोड एकदा नोंदवलं की सहजी मागे येत नाही. तिला मसुदा आठवडाभर आधी द्या, तिच्या माणसाकडून वाचून घेऊ द्या.

पायरी २: घर खरंच घ्यायचंय का?

मुलगा अकरावीला लातूरला गेला, आई दोन वर्षांसाठी त्याच्यासोबत राहायला गेली, हे चित्र आपल्याला नवं नाही. या दोन वर्षांसाठी फ्लॅट घेऊ नका. मूल बारावी करून पुण्याला जातं आणि फ्लॅटचा हप्ता मागे उरतो. भाड्याने घ्या आणि भाडेकरार नोंदवून घ्या; नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर आहे.

वाळूज किंवा शेंद्र्याला नोकरी लागली, लग्न ठरलं, अशा वेळी आकडा आधी मांडा. २५ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं: हप्ता महिन्याला साधारण २१,७०० रुपये, आणि एकूण फेड ५२ लाखांच्या आसपास. ओव्हरटाइम बंद झाला, तरी हा हप्ता निघतो का? निघत असेल तर पुढे चला.

शेत विकून शहरात घर घेण्याबद्दल माझं मत जरा कडवट आहे. कोरडवाहू दोन एकर विकून घेतलेला फ्लॅट कागदावर भारी दिसतो, पण शेतजमीन परत घ्यायची तर महाराष्ट्रात तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. सगळं शेत विकून बसलात तर पुढच्या पिढीचं ते दारही बंद होऊ शकतं. चार गुंठे का होईना, नावावर राहू द्या.

पायरी ३: मे महिन्यात बघायला जा

दिवाळीत प्रत्येक घर छान दिसतं. विहिरीला पाणी, बोअरला पाणी, सोयाबीनचे पैसे हातात. घर बघायचं ते एप्रिल-मेमध्ये, दुपारी. शेजाऱ्याला तीन गोष्टी विचारा: नळ किती दिवसाआड येतो, बोअर किती फूट आहे आणि मागच्या उन्हाळ्यात टँकर किती आले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या वर्षी ज्या गल्लीत पाणी होतं ती गल्ली लातूरकर अजून बोटाने दाखवतात. छत्रपती संभाजीनगरात पाणी जायकवाडीहून येतं, पण कुठल्या वसाहतीला कितव्या दिवशी, हे तिथल्या बाईमाणसांना विचारा. विकणारा "रोज येतं" असंच सांगणार. हौद आणि टाकी किती लिटरची, तेही मोजा. नांदेडला गोदाकाठी घेत असाल तर प्रश्न उलटा: पुराचं पाणी कुठवर आलं होतं?

मग जमीन. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि तिच्यावर उथळ पाया टाकला की भिंतीला तिरक्या भेगा जातात. बांधलेल्या घरात दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग दिसली तर नुसत्या रंगावर समाधान मानू नका. मोकळा प्लॉट असेल तर शेजारच्या बांधकामाचा खड्डा बघा, मुरूम किती फुटांवर लागला ते विचारा. काळी माती आठ फूट असेल तर पायाचा खर्च प्लॉटच्या किमतीत धरूनच भाव करा.

जुना वाडा घेणाऱ्यांना एक सांगणं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूर भागात हजारो माणसं गेली ती मुख्यतः चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची मातीची जड माळवदं कोसळून. तसं घर देखणं असतं, उन्हाळ्यात थंड असतं, मला स्वतःला फार आवडतं. पण राहायला घ्यायचं तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. माळवद उतरवून हलकं छप्पर, भिंतींना आडवे पट्टे, याचा खर्च आधी समजू द्या.

पायरी ४: जमिनीची कुंडली

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. किमान तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे आधीच्या व्यवहारांची तपासणी, वकिलाकडून घ्या. सूची २ चे, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याचे, उतारे तुम्हीही नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहू शकता. सातबाऱ्याचा "इतर हक्क" रकाना डोळ्यांत तेल घालून वाचा. विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं तिथे दडलेलं असतं.

मराठवाड्याचं एक खास दुखणं म्हणजे निजामकाळ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. त्यामुळे कितीतरी जमिनींचे मूळ कागद उर्दूत आहेत आणि कितीतरी जमिनी मुळात इनामाच्या. मंदिर, मशीद, दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश जमीन सेवेकऱ्याला विकता येत नाही, मग त्याच्या सात पिढ्या तिथे राबल्या असोत. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं की थांबा आणि विक्रीची परवानगी कुठाय ते विचारा. वक्फची शंका असेल तर वक्फ मंडळाचं मुख्यालय संभाजीनगरात पाणचक्कीला आहे, तिथे खातरी करा. उर्दू कागद जाणकाराकडून वाचून घ्यायला थोडे पैसे जातील. नाही वाचून घेतला तर प्लॉट जाईल.

दुसरं दुखणं बाँडवरच्या प्लॉटचं. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून शेतातला दोन गुंठ्यांचा तुकडा विकायचा हा धंदा आपल्या प्रत्येक शहराच्या कडेला चालला. तसा कागद मालकी देत नाही. मालकी मिळते ती नोंदणी झालेल्या खरेदीखताने. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा वसाहती नियमित करायची वाट काढली, आणि पुढे ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना खुली झाली. असा प्लॉट घेत असाल तर "गुंठेवारी होऊन जाईल" या भरवशावर नाही, झाल्याचं प्रमाणपत्र हातात घेऊन घ्या. नवा प्लॉट असेल तर बिनशेती झाल्याचा पुरावा आणि मंजूर लेआउट मागा, नकाशावरचा रस्ता जागेवर आहे का ते पायी चालून बघा, आणि भूमी अभिलेखाची मोजणी करून खुणा ठोकून घ्या.

बिल्डरचा फ्लॅट असेल तर महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवरच्या राज्याच्या नियामकाचा) नोंदणी क्रमांक शोधा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठहून जास्त घरांचा प्रकल्प नोंदवावाच लागतो. करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे घ्यायला बिल्डरला मनाई आहे. ताबा मिळाल्यावर पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर दुरुस्ती त्याच्या खर्चाने. सिडकोचं घर भाडेपट्ट्यावर असेल तर हस्तांतरणाची परवानगी विकणाऱ्याने आणायची. तसा शब्द इसारपावतीत लिहून घ्या.

पायरी ५: इसार ते रजिस्ट्री

इसार द्या, पण सौदाचिठ्ठीत बाकी रक्कम, मुदत, कुठले कागद कोण आणणार आणि सौदा मोडला तर इसाराचं काय, हे चारही लिहा. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. "अर्धे काळे, अर्धे पांढरे" म्हणणाऱ्याला नम्रपणे चहा पाजून रवाना करा. व्यवहार ५० लाखांचा किंवा वरचा असेल तर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. हे अनेकांना नोटीस आल्यावर कळतं.

मुद्रांक शुल्क शासनाच्या मूल्यदर तक्त्याची किंमत आणि ठरलेली किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागतं. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सूट आहे, नवऱ्याचं नाव सोबत घातलं की ती जाते. नोंदणी फी एक टक्का, पण ३०,००० च्या वर नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवावा लागतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. दर बदलायच्या आधी सगळा जिल्हा तिथेच उभा असतो. पितृपक्षात मात्र कार्यालय रिकामं असतं आणि विकणाराही जरा मवाळ असतो. ज्याला चालतं त्याने फायदा घ्यावा.

रजिस्ट्री झाली म्हणजे संपलं नाही. फेरफार, वीजजोडणी, घरपट्टी, पाणीपट्टी, सगळीकडे नाव बदललं की मगच पेढे.

पायरी ६: विकताना

घर दोन वर्षांहून जास्त तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घकालीन धरला जातो. त्या नफ्यातून विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर करातून सूट मिळू शकते. पैसे लगेच गुंतवता येणार नसतील तर विवरणपत्राच्या मुदतीआधी बँकेत भांडवली नफा खातं उघडून तिथे ठेवावे लागतात. लग्नाच्या खर्चात गेलेल्या पैशाला ही सूट नाही. सौदा करण्याआधी एकदा सीएकडे जा.

कर्ज फिटलेलं असेल तर बँकेने मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायचे असतात. उशीर तिच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा नियम सांगितला की शोधाशोध चटकन होते.

गावचं घर ठेवायचं की विकायचं, हा प्रश्न भावनेचा होतो. आम्ही एक साधा हिशोब केला: वर्षात किती रात्री तिथे कोणी झोपतं? आमच्या उत्तरात यात्रेचे तीन दिवस निघाले. बंद माळवदाचं घर दोन-तीन पावसाळ्यांत गळतं आणि मग बसतं. विकायचं मन नसेल तर शाळेच्या मास्तरांना भाड्याने द्या, निदान चूल पेटती राहील.

पायरी ७: म्हातारपणाचं घर

आमच्या लातूरच्या घराबद्दल आई म्हणाली, "तुझ्या नावावर करून टाकते, उगं कटकट नको." मी नको म्हटलं. बक्षीसपत्र नोंदवलं की मालकी त्याच दिवशी जाते. मृत्युपत्र हयातीत कितीदाही बदलता येतं, त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी ऐच्छिक आहे पण केलेली बरी. राहत्या घरासाठी मी मृत्युपत्रच सुचवतो. बक्षीसपत्र करायचंच असेल तर "देणाऱ्याचा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द दस्तातच घाला. सांभाळ झाला नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात तो दस्त रद्द करून मागता येतो, आणि अट लिहिलेली असली की काम सोपं होतं. सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला असंही समजू नका; तो वारसांच्या वतीने सांभाळणारा.

आईने मृत्युपत्र केलं. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये आहे. ट्रंकेच्या झाकणाला आतून एक पान चिकटवलंय: कुठला दस्त कुठे, कुठल्या गटाचा फेरफार क्रमांक किती, घरपट्टीची शेवटची पावती कोणत्या वर्षाची. ते पान दर गुढीपाडव्याला माझी धाकटी बहीण नव्याने लिहिते, कारण अक्षर तिचंच वाचता येतं.