ग्रामपंचायतीला उभं राहायचंय? मग कागदं आत्तापासून गोळा करा

गावात इलेक्शनचं वारं सुटलं की सगळे पॅनल, चिन्ह, बॅनर यावर बोलतात, पण माझ्या डोळ्यासमोर निम्मे लोक छाननीतच बाद झालेत, प्रचाराला निघायच्या आधीच. मागच्या वेळी आमच्या वहिनींचा अर्ज असाच उडाला, म्हणून हे लिहितोय, दुसऱ्या कुणाचं तसं होऊ नये.

आधी एक गोष्ट क्लिअर करा. ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी ही इलेक्शनं राज्य निवडणूक आयोग घेतो, दिल्लीवाला नाही. पण मतदार यादी मात्र विधानसभेचीच घेतात आणि तीच प्रभागानुसार फोडतात. म्हणजे प्रारूप (कच्ची) यादी लागल्यावर हरकत घेता येते ती नाव चुकीच्या प्रभागात गेलं वगैरे यासाठी, नवीन नाव तेव्हा घुसत नाही. नाव नसेल तर नमुना 6 आजच भरा.

वय 21 पूर्ण पाहिजे (मतदानाला 18 चालतं, उभं राहायला नाही). 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं असेल तर अपात्र, त्यात पळवाट शोधू नका, विरोधक शाळेचा दाखला काढून आणतात. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी, सरकारी जागेवर अतिक्रमण, ग्रामपंचायतीच्या कामाचा ठेका, यातलं काहीही अंगाशी येतं. घरात संडास आहे आणि वापरता याचा दाखलाही लागतो. थकबाकी भरली की पावती लगेच घ्या, तोंडी "भरलंय" म्हणून चालत नाही. थेट सरपंचपदाला उभं राहणार असाल आणि जन्म 1 जानेवारी 1995 नंतरचा असेल तर सातवी पास पाहिजे.

आता खरा घोळ होतो तो बायकांच्या कागदांत. निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, म्हणजे ऐनवेळी घरातल्या कुणालातरी उभं करतात आणि मग पळापळ. जातीचा दाखला माहेरच्या नावाने, वडिलांच्या जातीवरून निघतो, मतदार यादीत सासरचं नाव, आधारवर तिसरंच काहीतरी. वहिनींच्या कागदांत तीन ठिकाणी तीन नावं होती आणि ही एकच बाई आहे हे दाखवणारा एकही कागद फाईलमधे नव्हता. छाननीच्या टेबलासमोर त्या शाळा सोडल्याचा दाखला हातात धरून उभ्या होत्या, समोरून हरकत आली आणि पाच मिनिटांत विषय संपला. त्यामुळे विवाह नोंदणी दाखला नाहीतर नावबदलाचं गॅझेट आधीच काढून ठेवा. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती आणि मुदतीत देतो असं हमीपत्र जोडा, पण निवडून आल्यावर ते विसरू नका, मुदत गेली की पद जातं.

आरक्षण कुठल्या प्रभागात कुठलं पडलंय ते विशेष ग्रामसभेच्या सोडतीत कळतं, त्या दिवशी गावात हजर राहाच. तुम्ही गावातल्या कुठल्याही प्रभागातून उभं राहू शकता पण सूचक (अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारा) त्याच प्रभागाचा मतदार पाहिजे, इथं खूप जण फसतात.

फॉर्म ऑनलाईन भरायचा असला तर शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, सर्व्हर हँग होतो आणि महा ई-सेवा केंद्राबाहेर लाईन लागते. प्रिंट काढा, सह्या तपासा, घोषणापत्रात एकही रकाना कोरा सोडू नका, काही नसेल तर "निरंक" लिहा. इलेक्शनसाठी वेगळं बँक खातं उघडा.

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, आयोगाच्या यादीतलं मिळतं, आणि ते माघारीची वेळ संपल्यावरच, म्हणून तोपर्यंत पत्रकं छापू नका.

मतदारांना मशीन समजावून सांगा, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना. प्रभागात तीन जागा असतील तर तीन मतं आणि सरपंचाचं एक, अशी चार बटणं दाबायची. एकच दाबून माणूस बाहेर यायला लागला की केंद्राध्यक्ष परत बोलावतात, सगळी मतं पडल्यावरच लांब बीप वाजते. कुणीच पसंत नसेल तर नोटाचं (NOTA, म्हणजे 'यापैकी कुणीही नाही') बटण आहे.

आणि हरलात तरी निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचाच. तो न दिल्याने पुढच्या वेळी उभं राहता येत नाही, हे हरलेल्या माणसाला कोणी सांगतच नाही. चहाच्या बिलापासून सगळ्या पावत्या एका पिशवीत टाकत चला आणि हिशोब जमा केल्याची पोच घेऊन घरी या.