कंपनीतर्फे परदेशी सेवेला जाताय? आधी स्कोपचा कागद वाचा

निवड झाल्याचा मेल आला की सगळे बॅग, लसी आणि व्हिसाच्या मागे लागतात. लागा, ते करायचंच आहे. पण कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांना काही आठवडे किंवा महिने परदेशातल्या सामाजिक संस्थेच्या मदतीला पाठवते, त्या कार्यक्रमांत माणूस आपटतो तो दोन पानी ‘स्कोप ऑफ वर्क’वर. तुम्ही तिथे नेमकं काय करणार, हे त्यात लिहिलेलं असतं. निदान लिहिलेलं असायला हवं.

आधी आपल्याकडे वेळ किती आहे ते बघा. जीएसके या औषध कंपनीच्या ‘पल्स’ कार्यक्रमात मुक्काम 3 किंवा 6 महिन्यांचा असायचा. आयबीएमने 2008 मध्ये सुरू केलेल्या ‘कॉर्पोरेट सर्व्हिस कोअर’मध्ये प्रत्यक्ष मुक्काम 4 आठवड्यांचा, आणि आता बऱ्याच कंपन्यांचा साचा तोच आहे. 4 आठवडे म्हणजे कामाचे 20 दिवस. पहिले 2 ओळखीपाळखीत आणि केंद्रं बघण्यात जातात, शेवटचे 2 सादरीकरणात. एक दिवस तिथली सुट्टी खाते, आणखी एक जातो, कारण संस्थेचे संचालक बाहेरगावी असतात. उरतात 14. एवढ्यात एक काम नीट होतं, दोन कसेबसे. स्कोपमध्ये पाच मुद्दे असतील तर तीन आत्ताच काढायला लावा. तिथे जाऊन काढले की त्याला माघार म्हणतात, आधी काढले की नियोजन.

आता खरी गोम. स्कोपमध्ये वाक्य असतं : ‘संस्थेची माहिती-व्यवस्थापन यंत्रणा सक्षम करणे.’ वाचायला छान, करायला अशक्य, कारण ते कधी पूर्ण झालं हे कुणालाच सांगता येणार नाही. तेच असं लिहून घ्या : ‘तीन केंद्रांची हजेरी एकाच एक्सेल नमुन्यात आणणे. दोन कर्मचाऱ्यांनी आमच्या मदतीशिवाय एका आठवड्याची नोंद भरून महिन्याचा अहवाल काढून दाखवणे.’ यात आकडा आहे, माणसं आहेत आणि संपल्याची खूण आहे. वाक्यात या तीनपैकी एक जरी नसेल तरी कागद परत पाठवा. वाईट कुणाला वाटत नाही. वाटलंच तर आत्ता वाटलेलं परवडतं.

एवढ्यावर थांबू नका. स्कोप बहुतेक वेळा संचालक आणि कंपनी व संस्था यांच्या मधली समन्वयक संस्था मिळून कॉलवर ठरवतात. ती हजेरी रोज भरणारी व्यक्ती त्या कॉलवर नसतेच. तिला मागून घ्या. निघण्याच्या किमान 6 आठवडे आधी अर्धा तास तिच्याशी बोला आणि स्क्रीन शेअर करून आज ती काम कसं करते ते दाखवायला सांगा. तेव्हा कळतं की केंद्रावर लॅपटॉप नाही, फोनवरच सगळं चालतं, किंवा नेट दुपारनंतरच येतं. संचालकांना हे माहीत नसतं असं नाही, सांगावंसं वाटत नाही इतकंच.

याच सापळ्याचं दुसरं तोंड म्हणजे लायसन्स. कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही झकास डॅशबोर्ड बनवता. परत येता, कंपनीच्या खात्यावरचा तो डॅशबोर्ड तिथल्या लोकांना उघडतच नाही. महिनाभराची मेहनत पाण्यात. म्हणून पहिल्या दिवसापासून संस्थेच्याच खात्यात, संस्था स्वतः चालवू शकेल अशा साधनात काम करा. अ‍ॅडमिन म्हणून तिथल्या दोघांची नावं हवीत, एकाचं नाही. एक नोकरी सोडतोच. लिहिलेला कोड आणि मजकूर कुणाच्या मालकीचा, हेही कायदा विभागाकडून लेखी घ्या.

मेंटॉर म्हणून आधी जाऊन आलेलं कुणीतरी मिळतं. माणसं चांगली असतात, पण बोलतात ती सूर्यास्तावर आणि टीमच्या जेवणांवर. त्यांना एकच विचारा : तुम्ही बनवलेलं आज तिथे कोण वापरतंय? उत्तर लांबलं तर समजून जा. त्यांची जुनी सादरीकरणं मागून त्यात फक्त नाव बदलण्याचा शॉर्टकट मात्र नको. समोरच्या संस्थेने तो साचा आधीच्या टीमकडून पाहिलेला असू शकतो.

व्हिसा : ‘टुरिस्ट चालेल, सगळे तसंच करतात’ हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. बऱ्याच देशांत बिनपगारी कामालाही वेगळा व्हिसा किंवा परवाना लागतो. कंपनीच्या इमिग्रेशन टीमकडून प्रकार लेखी घ्या आणि निमंत्रणपत्रातलं कामाचं वर्णन अर्जाशी जुळतंय ना, ते बघा. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान 6 महिने उरलेली असू द्या.

लसींसाठी 6 ते 8 आठवडे आधी ट्रॅव्हल क्लिनिक गाठा. पीतज्वराचं (यलो फीव्हर) प्रमाणपत्र लागत असेल तर ते लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतं. आदल्या आठवड्यात घेतली तर विमानतळावर अडकाल. एकदा घेतली की, 2016 पासूनच्या नियमानुसार, ते आयुष्यभर चालतं. मलेरिया टाळण्याच्या गोळ्या परत आल्यावरही सुरूच ठेवायच्या असतात : अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल 7 दिवस, डॉक्सिसायक्लिन 4 आठवडे. घरी आलो, डास संपले म्हणून लोक त्या सोडतात आणि मग ताप येतो. कुठली गोळी घ्यायची हे मात्र डॉक्टरलाच ठरवू द्या.

विम्यात शनिवार-रविवारची भटकंती धरली आहे का, आजारी पडल्यास दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च मिळतो का, हे दोन प्रश्न विचारा. मोटरसायकल टॅक्सीला अनेक कंपन्यांच्या सुरक्षा नियमांत बंदी असते. अपघात झाला तर दावा तिथेच अडतो.

आणि तुमचे साहेब. ‘तिकडून रोज तासभर इकडचं बघशील ना?’ असं हसत विचारतात. नाही म्हणा. काम कुणाकडे सोपवलंय त्याची नावानिशी यादी मेलवर टाका आणि साहेबांचा होकार मेलवरच घ्या. रोजचा एक तास म्हटलं तरी त्या 14 दिवसांतले जवळजवळ दोन दिवस गेले.

भाषा येत नाही, क्षेत्र नवं आहे, याची धास्ती वाटेल. त्याचं फारसं अडत नाही. दुभाषा मिळतो, क्षेत्राची माहिती तिथल्या लोकांना असते. तुमच्याकडून हवं असतं ते रोजचं ऑफिसमधलंच कौशल्य : काम तुकड्यांत पाडणं, तारीख लावणं, पाठपुरावा करणं. परतल्यावर 30 आणि 60 दिवसांनी प्रत्येकी एक कॉल आत्ताच दोन्हीकडच्या कॅलेंडरवर टाका, आणि निमंत्रण संचालकांबरोबर हजेरी भरणाऱ्या त्या व्यक्तीलाही पाठवा.