लॅबला फाइल पाठवण्याआधीचं शार्पनिंग

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात अल्बमची लॅब नाही. डिझाइन इथं करायचं, फाइली नागपूर किंवा अमरावतीला पाठवायच्या आणि शीट पार्सलनं यायची वाट बघायची. प्रिंट मऊ, म्हणजे कडा पुसट झालेली आली म्हणून लगेच दुसरी काढून घेता येत नाही, म्हणून या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्यांनी शार्पनिंग नीट शिकून घ्यावं, असं मला फार वाटतं. नव्या पोरांच्या फाइलींत बहुतेकदा शार्पनिंग एक तर नसतंच, नाहीतर इतकं असतं की नवरीच्या गालावरची लव मोजता येते.

शार्पनिंगनं फोटोत नवा तपशील येत नाही. जिथं गडद आणि उजळ भाग भेटतात, तिथं गडद कडा आणखी गडद होते, उजळ कडा आणखी उजळ. डोळ्याला ते रेखीव वाटतं. फोकस चुकलेला फोटो यानं दुरुस्त होत नाही, तो अल्बममधून काढलेलाच बरा.

क्रम पक्का ठेवा: आधी रंग, मग क्रॉप, मग प्रिंटच्या मापाचा आकार आणि अगदी शेवटी शार्पनिंग. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल साधारण ६००० × ४००० पिक्सेलची असते. ३०० डीपीआयला, म्हणजे प्रिंटच्या एका इंचात ३०० पिक्सेल धरून, १२ × १८ इंचासाठी ५४०० × ३६०० लागतात, म्हणजे जवळपास तेवढेच. पण तोच फोटो ४ × ६ ला १८०० × १२०० होतो आणि मोठ्या फाइलवर केलेलं बारीक शार्पनिंग त्यात विरून जातं. उलट १२ × ३६ च्या शीटवर एकच फोटो आडवा पसरवला, तर ६००० चे १०८०० पिक्सेल होतात. आधीच शार्प केलेला असेल, तर शार्पनिंगनं उमटलेली कडेची पांढरी रेघही तेवढीच मोठी होते. अल्बमच्या शीटवर प्रत्येक फोटो वेगळ्या मापाचा असतो, म्हणून फोटो जागेवर बसवल्यावर त्याच्याच लेयरवर, म्हणजे फाइलीतल्या त्याच्या वेगळ्या थरावर काम करा. सगळे लेयर एकत्र करून (फ्लॅटन करून) अख्खी शीट शार्प केली, तर नावांच्या अक्षरांभोवतीही रेघ उमटते.

फोटोशॉपच्या अनशार्प मास्क या शार्पनिंगच्या फिल्टरमध्ये मी अमाउंट (जोर) १०० ते १२०, रेडियस (कडेची रुंदी) १ आणि थ्रेशोल्ड (किती फरकाला कड मानायचं) ३ पासून सुरुवात करतो. मॅट कागदावर कॉन्ट्रास्ट कमी दिसतो, म्हणून तिथं अमाउंट थोडा वाढवतो; ग्लॉसीला गरज कमी. शार्पनिंगच्या लेयरचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी ठेवला, म्हणजे परिणाम फक्त उजेड-अंधारावर होऊ दिला, तर कडांना रंगीत झालर येत नाही.

आता स्क्रीनचं. ३०० डीपीआयच्या प्रिंटवर एक पिक्सेल म्हणजे ०.०८ मिलिमीटर. २४ इंची फुल एचडी मॉनिटरची घनता साधारण ९२ पिक्सेल प्रति इंच, म्हणजे १०० टक्क्यांवर तुम्ही फोटो प्रिंटच्या तिप्पट मोठा बघत असता. तिथं जरा कडक दिसलेलं कागदावर बरोबर येतं. ५० टक्क्यांवर बघायची सवय लावा, आणि तिथंही कडेला पांढरी रेघ दिसली, तर मात्र हात आवरा.

सगळ्यात जास्त वेळ मी चेहऱ्यांना देतो. वैशाखातल्या दुपारच्या लग्नात घाम, हळद आणि पावडर एकत्र आलेली असते. शार्पनिंग त्यातला प्रत्येक डाग वर काढतं. म्हणून मास्क लावून, म्हणजे बाकीचा भाग झाकून, डोळे, भुवया, मुंडावळ्या, दागिने आणि शालूचा जरीकाठ एवढंच शार्प करतो, गाल-कपाळ सोडून देतो. लाइटरूममध्ये मास्किंगची पट्टी ऑल्ट दाबून सरकवली, तर जिथं शार्पनिंग होणार तो भाग पांढरा दिसतो. रात्रीच्या वरातीत आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० च्या पुढं गेला असेल, तर आधी नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे कमी करा. नाहीतर काळ्या आभाळातले दाणेही शार्प होतात. पोळ्याच्या बैलजोडीला मात्र मोकळा हात चालतो: झुलीची नक्षी, शिंगांचा बेगड, अंगावरचे केस जितके उठून येतील तितका शेतकरी खूश.

फाइल साध्या व्हॉट्सअॅप फोटोसारखी पाठवू नका, ती दाबली जाते आणि सगळी मेहनत जाते. जेपीईजी, वरची क्वालिटी, रंगांसाठी एसआरजीबी प्रोफाइल. ड्राइव्ह किंवा पेनड्राइव्हनं द्या. काही लॅब स्वतःहूनही शार्पनिंग करतात. ऑर्डर देतानाच विचारून घ्या आणि ‘शार्पनिंग झालेलं आहे, करेक्शन नको’ असं लिहून द्या. नव्या लॅबकडं पहिली ऑर्डर देण्याआधी एकाच फोटोच्या कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन फाइली छोट्या मापात छापून घ्या, पण डीपीआय ३०० च ठेवा. प्रत्येकीच्या कोपऱ्यात आकडे टाका, प्रिंट दिवसाच्या उजेडात हातभर अंतरावरून बघा आणि जे आकडे पटतील, ते त्या लॅबच्या आणि त्या कागदाच्या नावानं वहीत लिहून ठेवा.