मोगऱ्याला फुलंच येत नाहीत? या चुका टाळा

मोगऱ्याचं झुडूप हिरवंगार, पण फुलाचा पत्ता नाही, ही तक्रार विदर्भात घरोघरी ऐकू येते. बहुतेक वेळा झाडाचे लाड जास्त झालेले असतात.

एप्रिलात पारा चाळिशीपार गेला की लोक काळजीपोटी कुंडी कडुनिंबाच्या सावलीत ओढतात. कृपा करून तसं करू नका. पाच-सहा तास थेट ऊन मिळालं नाही तर मोगरा कळी धरत नाही. थंडावा हवा तो मुळांना. बुडाशी तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, चार बोटं जाड पसरा.

दुसरी चूक छाटणीची. कळ्या नव्या फुटीवर येतात, तरी वाढलेल्या झाडाला कात्री लावायला हात धजावत नाही. डिसेंबरात पाणी तोडा, पानं मलूल झाली की जमिनीपासून दीड फुटावर बिनधास्त छाटा, मग शेणखत घालून आळं भरा. युरिया नको, नुसता पालाच माजतो.

खरा घोळ काळ्या मातीत होतो. वर भेगा दिसल्या म्हणून सांदवाडीतल्या (घरामागच्या अंगणातल्या) झाडाला रोज बादलीभर पाणी जातं. आधी चार बोटं उकरून बघा. खालची माती मुठीत लाडवासारखी वळत असेल तर त्या दिवशी पाणी देऊच नका; मुळांना हवा मिळाली नाही तर ती कुजतात. नवीन झाड लावताना खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळा.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडं लिंबू पिळून ऊन उतरल्यावर फवारा, पंधरवड्याने पुन्हा एकदा. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला असेल तर मात्र झाड उपाशी आहे, शेणखत द्या. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणीच खारं आहे तिथं, बोअरचं पाणी मोगऱ्याला घालूच नका. छपराचं पावसाचं पाणी टाक्यात साठवून तेच त्याच्यासाठी राखा.

कळ्या जांभळट पडून वाळत असतील तर आत अळी आहे. अशा कळ्या तोडून जाळा, झाडाखाली टाकू नका. पानामागे बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी. सकाळी पानं उलटी धरून पाण्याच्या जोरदार धारेने धुवा.